मंदाताई आणि रुळांखालची मोरी

मंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तलासरीला जनगणनेच्या प्रशिक्षणाला बसले होते. हॉलमध्ये आम्ही साठेक शिक्षक, अर्धे पंखे चालू, अर्धे बंद, आणि समोरचे साहेब सांगत होते की हे काम केंद्राचं असलं तरी घरोघरी तुम्हालाच जायचं आहे. मी वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं, 'ताईंना सांगणे'. असली वाक्यं त्यांना फार आवडायची. काम दिल्लीचं, पगार मुंबईचा आणि चपला झिजणार डहाणूच्या मास्तरणीच्या, असं काहीतरी त्या नक्की म्हणाल्या असत्या. तेवढ्यात पर्समध्ये फोन थरथरला. डहाणूजवळच्या आगरहून त्यांचे धाकटे भाऊ बाबूभाऊ बोलत होते. "बाई, ताई गेली... सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि बसल्या बसल्या गेली." मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मला रडू आलं नाही, राग आला. रुळांखालच्या मोरीचं काम संपायला फक्त पंधरा दिवस उरले होते. ज्या बाईने त्या कामापायी तीन वर्षं जीव टाकला, तिला पंधरा दिवस थांबायला काय झालं होतं? एवढं मनात आलं आणि मग मात्र तिथेच, लोकांच्या चपलांच्या ढिगाशेजारी, मी खूप रडले.

आता दोन महिने होत आले. एका मासिकाकडून मंदाताईंबद्दल लिहा असं सांगणं आलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. कारण त्यांना ओळखतं कोण? त्या कुठल्या व्यासपीठावर बसल्या नाहीत, त्यांच्या गळ्यात कधी हार पडला नाही. तलासरीच्या एका सरकारी कचेरीत त्या बारनिशीला होत्या. बारनिशी म्हणजे आवक-जावक. आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा, शिक्का मारायचा आणि ज्याच्या त्याच्या टेबलाकडे धाडायचा. कचेरीत सगळ्यात कमी मान असलेली आणि सगळ्यात जास्त माणसं बघणारी जागा ती. तीस वर्षं त्या एकाच खिडकीपाशी बसल्या. पुढे पुढे त्या खिडकीला लोक 'मंदाताईंची खिडकी' म्हणायचे, आणि नवा साहेब आला की त्यालाही आठवड्याभरात तेच म्हणायची सवय लागायची.

मी सायवनची. घरात भात आणि नागली, म्हणजे नाचणी, पिकवणारी माणसं, नोकरी करणारी पहिली मीच. तलासरीच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला लागले तेव्हा देश सुधारायला मी एकटी पुरेशी आहे असा माझा पक्का समज होता. शाळेचा हापसा बंद पडला. मी चार पानी अर्ज लिहिला, त्यात मूलभूत हक्क आणले, मार्गदर्शक तत्त्वं आणली, आणि शेवटी 'प्रत माहितीसाठी' म्हणून मुख्यमंत्र्यांपासून पंतप्रधानांपर्यंत सगळ्यांना ओळीत उभं केलं. खिडकीतल्या बाईंनी चष्मा नाकाच्या टोकावर घेऊन ती यादी वाचली.

"पंतप्रधान येणार काय हापसा दुरुस्त करायला?"

"त्यांना कळायला नको?" मी तणतणले.

"कळून काय करतील? पाना घेऊन येतील?" मग जरा थांबून म्हणाल्या, "शाळेत शिकवता काय तुम्ही?"

"नागरिकशास्त्र."

"अरे देवा," म्हणाल्या आणि इतक्या मोकळेपणी हसल्या की मागच्या टेबलावरचा शिपाईही हसायला लागला. मग एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवून त्यांनी हापसा दुरुस्तीच्या पथकाच्या नावाने पाच ओळींचा अर्ज माझ्याकडून लिहून घेतला. "ज्याच्या हातात पाना आहे त्याला लिहायचं, मास्तरीणबाई. बाकीच्यांना नमस्कार करायचा." चौथ्या दिवशी हापशाला पाणी आलं. मी आठवडाभर फुगून बसले आणि मग घरच्या नागलीच्या पिठाची पिशवी घेऊन त्यांच्या घरी गेले. आमची मैत्री तिथून सुरू झाली. वयात वीस वर्षांचं अंतर होतं, पण त्यांनी मला कधी लहान मानलं नाही. चिडवलं मात्र रोज.

पुस्तकात संघसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन याद्या आहेत. मी त्या मुलांकडून पाठ करून घ्यायचे. मंदाताईंना त्या पाठ नव्हत्या, हातात होत्या. दोन्ही टोकांनी लिहिणारी लाल-निळी पेन्सिल घेऊन त्या बसायच्या. पोस्टात मनीऑर्डर अडकली, लाल खूण; ते दिल्लीचं. सातबाऱ्यावर नाव चढेना, निळी खूण; ते मुंबईचं. नळाला पाणी नाही, तर नुसतंच 'गाव' असं लिहायच्या. सीमेपलीकडून कुणी चुकून गुजरातीत लिहिलेला कागद घेऊन आला तर तो वाचून, त्याला त्याच्याच भाषेत समजावून, त्याच्या राज्यातल्या कचेरीचा पत्ता देऊन वाटेला लावायच्या. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सकाळी सहाला निघून आलेला माणूस आहे. 'आमचं नाही' एवढंच ऐकायला आला काय तो?"

पुढे माझी बदली डहाणूच्या हायस्कूलमध्ये झाली आणि त्या निवृत्त होऊन आगरला, भावाच्या चिकूच्या वाडीत राहायला आल्या. रविवारी त्यांच्या ओटीवर माणसं जमायची. आशागडची, सायवनची, किनाऱ्यावरची मासे विकणारी बाईही. मी त्यांना एकदा आठवीच्या वर्गावर बोलावलं. त्यांनी फळ्याला हात लावला नाही. मुलांना आपल्या घरच्या अडचणी चिठ्ठ्यांवर लिहायला लावल्या आणि जमिनीवर तीन ढीग करायला सांगितले, दिल्लीचा, मुंबईचा आणि दोघांचा. शाळेबद्दलच्या चिठ्ठ्या आणि जंगलातल्या लाकडाच्या चिठ्ठ्या 'दोघांच्या' ढिगात गेल्या तेव्हा एक पोर म्हणालं, "म्हंजे दोघं करतील, नायतर दोघं नाय करणार." वर्ग हसला, मंदाताई सगळ्यात जास्त हसल्या. माझ्या समवर्ती सूचीच्या पूर्ण तासात एवढं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

त्याच वर्गात रंजना होती.

आशागडच्या बाजूला, रुळांच्या पूर्वेला एक पाडा आहे. नाव लिहू नको असं रंजनाच्या आईने, जानकीने सांगितलंय, म्हणून लिहीत नाही. पाड्यावरची शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर रूळ ओलांडून आमच्या हायस्कूलला यायचं. रुळांच्या भरावाखालून पाणी जायला बांधलेली एक दगडी मोरी आहे, माणूस ताठ चालेल एवढी उंच. आठ महिने सगळा पाडा त्या मोरीतूनच ये-जा करतो. पावसाळ्याचे चार महिने पुढे निचरा नसल्याने मोरीत छातीभर पाणी तुंबतं. मग पोरं भराव चढतात, खडीवरून रूळ ओलांडतात आणि पलीकडे उतरतात. जानकी रोज सकाळी भरावाच्या पायथ्याशी उभी राहायची, दोन्हीकडे बघून हाक द्यायची आणि मगच रंजना धावायची. जुलैतल्या एका सकाळी हाक बरोबर आली, पण ओल्या खडीवरून पाय सटकला आणि पोर पलीकडच्या उतारावरून घरंगळत खाली गेली. मधून गाडी धडधडत निघून गेली, आणि ती पूर्ण जाईपर्यंत अलीकडे उभ्या असलेल्या जानकीला आपली पोर आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. रंजनाची हनुवटी फाटली, दोन दात गेले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही. मी घरी गेले तेव्हा जानकी एवढंच म्हणाली, "बाई, शिकाया पाठवली व्हती. मराया नाय."

मी जानकीला घेऊन मंदाताईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लाल टोकाने खूण केली. रूळ रेल्वेचे, भराव रेल्वेचा, मोरी रेल्वेची. म्हणजे काम दिल्लीचं. मीही मान डोलावली. रेल्वे संघसूचीत, राज्याचा संबंधच नाही, हे तर माझ्या जिभेवरच होतं. मोरीतून चालायला वाट करून द्या असा अर्ज रेल्वेकडे गेला. दोन महिन्यांत उत्तर आलं, हिंदीत आणि इंग्रजीत. सदर मोरी केवळ पाण्याच्या निचऱ्यासाठी आहे, तिथे रस्ता अस्तित्वात नाही. "नकार आला," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी स्मरणपत्र लिहिलं. मग दुसरं स्मरणपत्र, मग तिसरं. प्रत्येकाची पोच आली. एक पावसाळा गेला, दुसरा गेला. एकदा सुटलेली शाळा कोरड्या महिन्यांतही पुन्हा सुरू झाली नाही; रंजना घरी बसून धाकट्या भावंडांना सांभाळत होती, आणि जानकी दर महिन्याला येऊन विचारायची, "दिल्लीचं काय आलं काय?"

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आगरला गेले होते. मंदाताई आत चहा करत होत्या. शेजारी मोरीची फाइल पडली होती, ती मी सहज चाळायला घेतली. आम्हा मास्तरांना एक खोड असते. कागद हातात आला की तो उलटून बघायचा, कारण पोरं उरलेलं उत्तर मागच्या बाजूला लिहितात आणि तपासायचं राहिलं तर पालक भांडायला येतात. तसंच मी रेल्वेचं ते पहिलं पत्र उलटलं... मागे सहा ओळी होत्या. स्थानिक संस्थेने मोरीतून पायवाटेचा प्रस्ताव पाठवल्यास आणि दोन्ही बाजूंचा रस्ता व पाण्याचा निचरा यांची जबाबदारी घेतल्यास, संयुक्त पाहणी करून विचार करता येईल. खाली सही, शिक्का. नकार नव्हताच तो. बोलावणं होतं, आणि ते सव्वा वर्षं त्या फाइलमध्ये पालथं पडून होतं.

मंदाताई चहा घेऊन आल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा वाचला. "आमच्या वेळी टाइप एकाच बाजूला असायचा गं," त्या अगदी हळू म्हणाल्या. "विषय वाचायचा, पहिला परिच्छेद बघायचा, शिक्का मारायचा. तीस वर्षांत मी एक कागद उलटून बघितला नाही..." त्यांचा चहा तसाच राहिला. आयुष्यभर लोकांना योग्य दाराशी नेऊन सोडणारी बाई, आणि जिथे सगळ्यात जास्त गरज होती तिथेच तिने अर्धं दार दाखवलं होतं. रेल्वे दिल्लीची हे खरंच होतं. पण त्या रुळांखालून चालत जाणारी वाट, तिच्यातलं पाणी, तिचं गटार, हे राज्याचं आणि गावाचं काम होतं. वर एक सरकार, खाली दुसरं, आणि दोघांनी मिळून मागितल्याशिवाय तिथे दगडही हलणार नव्हता. हे मला कळायला हवं होतं. मी त्यावर पगार घेते.

मी म्हटलं, "ताई, गाजावाजा नको. नवा अर्ज करू ग्रामपंचायतीकडे. जानकीला सांगायची काय गरज आहे?" आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. मंदाताईंनी तो कागद फाइलच्या सगळ्यात वर ठेवला. "अर्ज तर करूच," त्या म्हणाल्या, "पण त्या पोरीचे दोन पावसाळे कुणाच्या नावावर टाकायचे? रेल्वेच्या? त्यांनी तर कळवलं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाड्यावर गेलो. जानकी अंगणात नागली पाखडत होती. मंदाताई खाटेवर बसल्या नाहीत, उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. एकाही वाक्यात 'पण' नव्हता. जानकीला वाचता येत नाही. तिने कागद हातात घेतला, पुढून बघितला, मागून बघितला.

"कुठं लिवलंय?"

"ह्या बाजूला."

"म्हंजे ह्यो पालटला असता तं..." तिने कागद परत दिला. "माझी पोर दोन वरसं घरी बसली, ताई."

"हो," मंदाताई म्हणाल्या. "माझ्यामुळे बसली."

मला मध्ये बोलायचं होतं, चूक माझीही आहे असं सांगायचं होतं, पण त्यांनी नुसत्या हाताने मला गप्प केलं. जानकीने सूप उचललं आणि पुन्हा पाखडायला लागली. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही. त्या घरातून चहा न घेता आम्ही पहिल्यांदाच निघालो होतो.

परतीच्या वाटेवर त्या थांबल्या, परत फिरल्या आणि अंगणाच्या कडेला उभं राहून म्हणाल्या, "मोरीतली वाट व्हायला वेळ लागेल. तोवर पावसाळ्याचे चार महिने रंजना माझ्याकडे राहील. आगरहून शाळेला रूळ आडवे येत नाहीत." जानकीने वर बघितलं. "माझी पोर भांडी घासाया नाय येणार कुणाच्या घरी." तिचा आवाज चढलेला होता, आणि चढावा असाच तो प्रसंग होता. आमच्या भागात पाड्यावरच्या किती पोरी शिकायला म्हणून वाडीवाल्यांच्या घरी गेल्या आणि भांडी घासायच्या मोरीवर बसल्या, हे ती जाणून होती, मीही जाणून होते. मंदाताई म्हणाल्या, "भांडी मी घासते. ती फक्त वाचेल." जानकीने त्या दिवशी हो म्हटलं नाही. जूनमध्ये मात्र ती स्वतः रंजनाला घेऊन आगरला आली, स्वयंपाकघरात जाऊन मोरीपर्यंत सगळं घर बघून घेतलं, आणि मगच पोरीची पिशवी खाली ठेवली.

दरम्यान गावाचं काम सुरू झालं होतं. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत ठराव आला. आमच्या भागात ग्रामसभेच्या शब्दाला वजन असतं, पण शब्द उच्चारायला माणसं लागतात. सरपंचांनी विचारलं, गटार दर वर्षी साफ कोण करणार, उगाच ठराव करून अंगावर घ्यायचं का? तेव्हा मागून जानकी उठली. "आम्ही बायका करू. पैलं पावसाआधी, मंग पोळ्याला. लिवा." तिने अंगठा उठवला, तिच्यामागे पाड्यावरच्या बायकांची रांग लागली. मंदाताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या दिवशी जानकीने त्यांना चहाचा कप आणून दिला.

प्रस्ताव पुढे गेला, फिरला, त्रुटी निघाली, पूर्ण झाली. कागद चालतो तसा तो चालला. शेवटी गेल्या हिवाळ्यात संयुक्त पाहणी ठरली. तोवर मंदाताईंचं पोटाचं दुखणं बळावलं होतं. दवाखान्यासाठी आम्ही सगळेच राज्य ओलांडून वापी-वलसाडला जातो, त्याही जायच्या, आणि गाडीने सीमा ओलांडली की "आता माझं पोट कुठल्या सूचीत?" असं विचारून मला छळायच्या. पाहणीच्या दिवशी बाबूभाऊंनी त्यांना रिक्षातून आणलं आणि बाभळीखाली खुर्चीवर बसवलं. रेल्वेचे इंजिनिअर आले, जिल्ह्याच्या बांधकामाची तरुण इंजिनिअर मुलगी आली. मोजायच्या फितीचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं तिच्या. मोरीच्या एका कडेला काँक्रीटची उंच पायवाट, दुसऱ्या कडेने पाणी. हद्दीच्या आतलं रेल्वे करील, बाहेरचं गाव आणि जिल्हा. सगळं ठरत आलं तेव्हा मंदाताईंनी खुर्चीतूनच विचारलं, "आतल्या पाण्याचं गटार बाहेरच्या गटाराला नेमकं जोडणार कोण?" दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग रेल्वेचे साहेब हसले आणि त्यांनी तो जोड आपल्या कागदावर लिहून घेतला. निघताना त्या दोघांनी सह्या केलेला कागद मंदाताईंनी मागून घेतला, पुढून वाचला, उलटून मागून बघितला आणि मग परत दिला.

ही सवय त्यांना त्या दिवाळीपासून लागली होती, आणि लागली ती अशी की आम्हाला हसू यायचं. लग्नपत्रिका आली, उलटून बघायच्या. औषधाची चिठ्ठी, विजेचं बिल, पेपरातून पडलेली क्लासची जाहिरात, सगळं उलटून बघायच्या. दवाखान्यातून सोडताना दिलेला कागदही त्यांनी उलटून पाहिला. डॉक्टरांनी विचारलं, काय शोधताय? "काही नाही," म्हणाल्या, "मागे बरं होण्याचं काही लिहिलंय काय ते बघते." मागे काही नव्हतं. त्यांना ते माहीत होतं, मलाही. तरी आम्ही दोघी हसलो...

उन्हाळ्यात काम सुरू झालं. पायवाटेचं काँक्रीट पडलं तेव्हा त्या हयात होत्या; मी मोबाईलवर फोटो नेऊन दाखवला, त्यांनी बोटाने मोठा करून करून पाहिला. "उतार बरोबर आहे," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर आठच दिवसांनी तो फोन आला. आगरला पोचले तेव्हा पाड्यावरच्या बायका टेम्पो करून आल्या होत्या. जानकी ओटीच्या पायरीवर बसली होती. रंजना आत, मंदाताईंच्या पायांशी. दोन पावसाळ्यांची भरपाई म्हणून त्यांनी एक पावसाळा तिला घरात ठेवून घेतलं होतं, आणि त्या चार महिन्यांत पोर वर्गात मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर आली होती. सहामाहीच्या निकालाच्या दिवशी प्रगतिपुस्तक घेऊन ती आधी आगरला पळाली होती आणि मग पाड्यावर. ही गोष्ट जानकीने मला तिथे, त्या पायरीवर सांगितली. "पैलं मला राग आला व्हता," ती म्हणाली. "मंग म्हटलं, जाऊ दे. माझी चूक हाय म्हणून कोण सांगतं, बाई? आमच्या दारात येऊन कोण सांगतं?"

काम पूर्ण झाल्याचं पत्र तेराव्यानंतर ग्रामपंचायतीत आलं. पाड्याची प्रत जानकीने नेली. माझ्याकडे वाचून घ्यायला घेऊन आली तेव्हा दारातच थांबून तिने कागद पालथा केला, कोऱ्या बाजूवरून तळहात फिरवला आणि म्हणाली, "मागं काय नाय. वाचा आता." मी वाचायला लागले आणि दुसऱ्याच ओळीत कागद सोबत आलेल्या रंजनाकडे दिला. उरलेलं रंजनाने वाचलं.

शाळा सुरू झाली तेव्हा पाऊस रुळला नव्हता. जुलैत तीन दिवस झड लागली आणि चौथ्या दिवशी मला राहवेना. पहाटेच निघून, मोठा वळसा घालून पाड्यावर गेले. मोरीच्या तोंडाशी दहा-बारा बायका उभ्या होत्या, बघायलाच. डावीकडून गढूळ पाणी जोरात वाहत होतं. उजवीकडची पायवाट वरून ओली होती, तिच्यावर पाणी नव्हतं. रंजना युनिफॉर्ममध्ये आली. नववीतली सगळ्यात थोराड मुलगी, हनुवटीवर टाक्यांची खूण. जानकी सवयीने भरावाकडे वळली, हाक द्यायला.

"आये, तिकडं कुठं?" रंजना मोरीत शिरता शिरता म्हणाली. "जा तू आता. लावणी ऱ्हायलीय ना."

जानकी जागच्या जागी उभी राहिली. पोर अर्ध्यात पोचली तेव्हा वरून गाडी आली, सगळी मोरी घुमली, पाण्यावर बारीक थरथर उठली. रंजना चालतच होती. पलीकडच्या उजेडात पोचून तिने मागे न बघता हात हलवला. जानकीने डोळे पुसले, पदर खोचला आणि ती आपल्या आवणाकडे, भाताच्या लावणीला, निघून गेली. पोर पाड्यावरून शाळेला निघाली आणि तीही वेळेवर कामाला लागली, असं पावसाळ्यात पहिल्यांदाच घडलं असेल.

मला मंदाताईंची फार आठवण आली. त्या असत्या तर पाण्याकडे बोट दाखवून म्हणाल्या असत्या, गटाराचा जोड बघा आधी, मग रडा. मी वाकून जोड बघितला. धरला होता. मग छत्री मिटली आणि मोरीतून चालत निघाले. पहिला तास नववीवर, नागरिकशास्त्राचा होता, आणि रंजना माझ्याआधी वर्गात जाऊन बसली होती.